सडका मणी आणि सडका मणी: ऱ्हाइनकाठी पहिल्या तोडणीला जाणाऱ्यांसाठी

जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या गाइझेनहाइमला वाईन बनवायला शिकायला येणारी नाशिक-सांगलीकडची मुलं फोन करतात आणि प्रवेश, व्हिसा, खोली एवढंच विचारतात. ते तुम्हाला जमेल. तोडणीचं मात्र कोणी विचारत नाही, आणि माझा पहिला हंगाम तिथेच वाया गेला.

आल्या आल्या गावाच्या वरच्या टेकडीवर श्लोस योहानिसबेर्ग बघून या. जुना बेनेडिक्टाइन मठ, 1716 मध्ये फुल्डाच्या मठाधिपतीने विकत घेतला आणि 1720 मध्ये तिथे रीसलिंग ही पांढऱ्या वाईनची द्राक्षं लावली. तोडणीची परवानगी फुल्डाहून यायची. 1775 मध्ये ती आणणारा स्वार फार उशिरा पोचला, तोवर घड सडू लागले होते. तरीही तोडणी केली, आणि वाईन अशी निघाली की उशिराच्या तोडणीची, म्हणजे ‘श्पेटलेझे’ची, परंपरा तिथून सुरू झाली असं सांगतात. अंगणात त्या स्वाराचा पुतळा आहे.

मी दिंडोरीच्या बागेत वाढले. आमच्याकडे सडका मणी दिसला की कात्री लागलीच. ही गोष्ट ऐकल्यावर मी एकदम दुसऱ्या टोकाला गेले: इथे सड म्हणजे सोनं. चूक तिथेच झाली.

नीट ऐका. बोट्रायटिस बुरशी चांगली ठरते ती पिकलेल्या, अखंड सालीच्या मण्यावर, सकाळी नदीचं धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असेल तेव्हा. सालीला बारीक छिद्रं पडतात, पाणी उडतं, साखर आणि आम्ल आटून दाट होतं. मणी जांभळट तपकिरी होतो, मनुक्यासारखा सुरकुततो, वर राखाडी भुकटी धरतो. चाखला तर मध आणि जर्दाळू. सर्वात गोड वाईनसाठी रस 150 एक्स्ले (रसाची गोडी मोजायचं जर्मन माप) लागतो, म्हणजे साधारण 34 ब्रिक्स, आपल्याकडचं साखरेचं माप. आपली खायची द्राक्षं 16-18 ला उतरतात, यावरून अंदाज घ्या.

आंबट सड वेगळी. पाऊस पडून दोन दिवस ऊब राहिली की मणी फुटतात, चिलटं बसतात आणि आत व्हिनेगर तयार होतं. रंग तोच तपकिरी! पण मणी आटलेला नसतो, चिपचिपीत असतो, दाबला की साल सुटून येते. एकाच घडात वर चांगली सड आणि आत देठाजवळ आंबट सड, असंही असतं. म्हणून घड उलटा करा, मध्ये फोडा, नाकाशी न्या. प्रत्येक घड. हो, प्रत्येक.

मी रंग बघून बादली भरत गेले. संध्याकाळी तळघरात त्या रसाला व्हिनेगरचा भपकारा येत होता. तळघरप्रमुखाने पेला माझ्या हातात दिला, एक शब्द बोलला नाही. आमच्या तुकडीचा तीन दिवसांचा माल त्या गोड वाईनमधून बाद झाला. आज लिहितानाही पोटात कालवतं.

घाबरू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी नाक तयार होतं, खरंच होतं. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे निवडीच्या ओळी दिल्या होत्या.

माझं ठाम मत आहे, वाईन चाखण्याच्या तीन दिवसांच्या प्रमाणपत्रांवर पैसे घालू नका. त्या पैशात जर्मन शिका, मळ्यात सूचना जर्मनमध्येच मिळतात आणि त्या एकदाच मिळतात. गुरू निवडताना पदवी बघू नका. पोलंड-रोमेनियाहून वर्षानुवर्षं तोडणीला येणाऱ्या बायकांच्या शेजारची ओळ मागून घ्या. घड कसा फोडायचा ते मला एका रोमेनियन मावशींनी शिकवलं, तेही माझी बादली गवतावर उपडी करून. प्राध्यापकांनी हे फळ्यावर समजावलं होतं, पण हाताला कळलं ते तेव्हा.

आणि सर्दी झाली असेल तर सकाळीच सांगा. त्या दिवशी निरोगी घडांच्या ओळीत काम मागून घ्या. कोणी नावं ठेवत नाही, उलट मुकादम स्वतःच तुम्हाला तिकडे धाडतो.