मायलेज १६ वरून ११, शेवटी दोष ऑक्सिजन सेन्सरचा निघाला
१६ देणारी गाडी हळूहळू ११ वर आली, टायरची हवा, एअर फिल्टर सगळं करून झालं, फरक शून्य. प्लग काढले तर काळेकुट्ट, सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं तर काजळी. मग स्कॅनर लावला, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) व्होल्टेज ०.१ लाच चिकटलेलं, खरं तर इंजिन गरम झालं की ते ०.१ ते ०.९ मध्ये सारखं नाचायला पाहिजे. त्यामुळे ईसीयूला (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) वाटतंय पेट्रोल कमी पडतंय म्हणून तो आणखी ओततोय, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-कमी करतो तो आकडा) प्लस २२! एक्झॉस्ट लीक असला तरी असंच दिसतं, ते आधी बघून घेतलं. जुना सेन्सर थंड इंजिनवर हलेचना, कोमट करून काढला. आता ट्रिम ३-४, मायलेज १५ च्या वर.