कोकणातल्या छोट्या चर्चचा इतिहास कसा शोधायचा

सगळ्यात आधी, दारावर रंगवलेलं साल बघून फोटो काढून निघू नका. ते शेवटच्या दुरुस्तीचंही असू शकतं, कारण आपल्याकडचा पाऊस चुन्याचा गिलावा टिकू देत नाही, आतला जांभा दिसायला लागतो, मग परत गिलावा परत रंग, आणि हल्ली तर सरळ टाइल्स (त्याबद्दल न बोललेलंच बरं).

रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) सुटायच्या वेळेला जा, फादर पण भेटतात आणि गावातली म्हातारी माणसं पण. मिस्सा चालू असताना मोबाईल काढून फिरू नका प्लीज. फादरना नीट विचारलंत तर बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची रजिस्टरं बघायला मिळू शकतात, जुनी असली तर पोर्तुगीज नाहीतर लॅटिन, पण नावं आणि तारखा लागतात की.

आत गेलात की वेदी बघा, म्हणजे जिथे फादर मिस्सा म्हणतात ते टेबल. मागच्या भिंतीला टेकलेली असेल ती जुनी पद्धत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक धर्मगुरूंची मोठी सभा, 1962-65) फादर लोकांकडे तोंड करून मिस्सा म्हणायला लागले, तीही मराठीत, म्हणून पुढचं टेबल बहुतेक त्यानंतरचं. कोरीवकामात क्रुसासमोर एकमेकांवरून गेलेले दोन हात दिसले तर चर्च फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्याशांच्या संघाचं. आय एच एस ही अक्षरं म्हणजे जेझुइट (असाच दुसरा संघ) असं सगळे सांगतात, पण ती इतरांनीही वापरलीत, तेवढ्यावर जाऊ नका.

वसईकडचं चर्च असेल तर घंटेची चौकशी कराच. 1739 ला चिमाजीआप्पांनी वसई घेतली आणि तिकडच्या कितीतरी घंटा घाटावरच्या देवळांत गेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, मेणवलीला, भीमाशंकरला आजही आहेत. म्हणजे चर्चचा एक तुकडा बघायला घाट चढायचा!

हात बसवायला कोर्लई बेस्ट. अलिबागहून मुरुडची एसटी धरा, रेवदंड्याला कुंडलिकेचा पूल ओलांडला की पुढे लागतं. गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च, डोंगरावर किल्ल्यात पडकं चर्च, दोन्ही बघा. 1740 ला शेजारचं चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, पण गावातले ख्रिस्ती लोक घरात अजून पोर्तुगीज मिसळलेली स्वतःची बोली बोलतात, नौ लिंग म्हणतात तिला. किल्ला सकाळीच चढा, वर सावली नाही, पाण्याची बाटली खालूनच भरून घ्या.