फाइल हलवली आणि चेरी-पिक फसलं? या चुका टाळा

गिटमध्ये (कोडचे बदल सांभाळणारं टूल) रिलीज ब्रँचवर बग फिक्स केला, तोच मेनवर, म्हणजे मुख्य ब्रँचवर, हवा म्हणून चेरी-पिक मारलं (तेवढाच एक कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, दुसऱ्या ब्रँचवर उचलून आणणं), पण मेनवर मधल्या काळात कोणीतरी ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये नेलेली, आणि गिट म्हणतं कॉन्फ्लिक्ट, मॉडिफाय/डिलीट (एकीकडे फाइल बदलली, दुसरीकडे डिलीट झाली). इथून पुढे घाई केली की संपलं.

सगळ्यात महाग चूक मी स्वतः केलीये. हा कॉन्फ्लिक्ट आला की गिट जुनी फाइल जुन्याच जागी परत आणून ठेवतं. मी उघडून बघितली, फिक्स आत दिसला, गिट अ‍ॅड, कंटिन्यू, बिल्ड हिरवं, चला घरी. सोमवारी बग जशाच्या तसा, कारण प्रोग्राम वापरत होता नव्या जागेची फाइल आणि मी आणलेली कोपऱ्यात भुतासारखी पडून होती. आता पिक झालं की गिट शो, डॅश-डॅश-स्टॅट मारून नुसता पाथ बघतो, म्हणजे बदल नक्की कुठल्या जागेच्या फाइलमध्ये झाला. उलटी चूक म्हणजे ती फाइल सरळ गिट आरएम (डिलीट) करणं, मग फिक्सच गायब.

मुळात गैरसमज हा की फाइल हलवायला गिट एमव्ही कमांड वापरली तर गिटच्या लक्षात राहतं. नाही राहत. गिट रिनेम (फाइल हलवणं किंवा तिचं नाव बदलणं) कुठेच लिहून ठेवत नाही, दरवेळी नव्याने अंदाज लावतं: दोन फाइल निदान ५०% सारख्या असतील तर हलवलेली, नाहीतर एक डिलीट आणि एक नवीन. म्हणून जावाची दहा ओळींची फाइल हलवताना पॅकेज बदललं, इम्पोर्ट बदलले, वर फॉर्मॅटर फिरवला, की ओळख गेलीच.

आणि "रिनेमचा कमिट वेगळा करा" हा सल्ला बरोबर असला तरी अर्धवट आहे बरं का, कारण चेरी-पिक मधले कमिट बघतच नाही, फिक्सच्या आधीची अवस्था आणि तुमचं आत्ताचं हेड (तुमच्या ब्रँचचा शेवटचा कमिट) एवढंच ताडून बघतं, त्यामुळे रिनेमनंतर फाइल खूप बदलली असेल तर वेगळ्या कमिटचा आपोआप काही फायदा नाही. फायदा असा काढायचा: त्या रिनेमच्या कमिटवरून तात्पुरती ब्रँच काढा, तिथे चेरी-पिक करा (तिथे फाइल नुसती हलवलेलीच असते, म्हणून गिट ओळखतं), आणि मग तो नवा कमिट मेनवर पिक करा. आता दोन्हीकडे पाथ एकच, रिनेमचा प्रश्नच उरला नाही.

एवढं नको असेल तर आधी चेरी-पिकला डॅश मोठा एक्स (-X) फाइंड-रिनेम्स=३०% लावून ओळखीची मर्यादा खाली आणून बघा, पण फार खाली जाऊ नका, एकसारख्या छोट्या फाइल भरपूर असतील तर भलत्याच फाइलशी जोडी लावेल. तेही फसलं तर गिट मर्ज-फाइल, म्हणजे तीन फाइल हाताने देऊन बदल एकत्र करणारी कमांड: आधी नव्या पाथची फाइल, मग फिक्सच्या आधीची जुनी, मग फिक्सनंतरची, हाच क्रम. तो चुकला तर भलताच बदल येतो.

अख्खं फोल्डर हलवलं असेल तर अजून एक गोची. जुन्या फोल्डरमध्ये कोणी नवीन फाइल टाकली तर ती नव्या जागी जायला हवी हे गिटला २.१८ पासून कळतं, पण जुन्या फोल्डरमध्ये एक जरी फाइल मागे राहिली असेल तर ते अंदाज लावत नाही. आमच्याकडे एक रीडमी राहिलेली, बस.