घुबड शोधायचं तर आधी कान लावा

दुर्बिणीचं नंतर बघू. घुबडं बघायची हौस असेल तर आधी संध्याकाळी मोबाइल घरात ठेवून गच्चीत बसायला शिका. सूर्य मावळायच्या जरा आधी बसायचं आणि चांगला अंधार पडेपर्यंत उठायचं नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मध्येच स्क्रीन पेटली की पुन्हा पहिल्यापासून.

या वेळात आवाजांची पाळी बदलते. साळुंक्या झाडात शिरून कलकलाट करतात, दयाळ बराच उशिरापर्यंत शीळ घालत असतो, मग वटवाघळं निघतात. टिटवी मात्र रात्रीही ओरडते, तेव्हा अंधारातला प्रत्येक आवाज घुबडाच्या नावावर लावू नका. घराजवळ सगळ्यात सहज भेटणारं घुबड म्हणजे पिंगळा. साळुंकीएवढाच, अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळे. ‘चिर्रुर्र-चिर्रुर्र, चिवक-चिवक’ असा जोडीने कल्ला करतो आणि पुष्कळदा उजेड असतानाच सुरू होतो. गव्हाणी घुबडाचा आवाज निराळा, घसा खरवडल्यासारखी एकच लांब किंचाळी. पंखांच्या आवाजाची वाट बघू नका. या घुबडाच्या पंखांच्या पुढच्या कडेला बारीक दाते असतात, त्यामुळे डोक्यावरून गेलं तरी कळत नाही.

आवाज आला की लगेच टॉर्च मारायचा नाही. दोन्ही तळहात कानांमागे धरा आणि आवाज दोन्ही कानांत सारखा येईपर्यंत डोकं हळूहळू वळवा. आता नाक जिकडे, पक्षी तिकडे. उंची मात्र आपल्याला नीट कळत नाही. गव्हाणी घुबडाला कळते, कारण त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो. मिट्ट काळोखातही ते नुसत्या आवाजावर उंदीर धरतं. आपण फांद्या खालून वर चाळायच्या, तेही नजर किंचित बाजूला ठेवून. अंधुक उजेडात नजरेच्या कडेनं जास्त दिसतं. दुर्बीण घ्यायचीच तर ८×४२ घ्या (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची), संधिप्रकाशात ती जास्त मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा बरी पडते.

दिवसा घुबड शोधायचं काम बुलबुल, कोतवाल आणि खारी करून देतात. चार-पाच जातींचे पक्षी एकाच फांदीभोवती दंगा करताहेत आणि हलत नाहीत, असं दिसलं की ते ज्याच्यावर ओरडताहेत तिकडे बघा. कधी साप असतो, कधी मांजर, पण पुष्कळदा घुबडच. माझी पिंगळ्यांची जोडी मला अशीच सापडली. घरामागच्या शिरीषाची फांदी तुटली तिथे ढोली झाली आहे. हिवाळ्यात सकाळी त्यातला एक ढोलीच्या तोंडाशी उन्हात बसतो, डोळे जेमतेम किलकिले करून. मी जरा जवळ सरकले की मान खाली-वर करतो. तो इशारा समजून मी मागे येते.

झाडाखालीही बघत जा. खोडावर पांढरे ओघळ आणि खाली करड्या गोळ्या दिसल्या तर वर कुणीतरी नेमानं बसतं. या गोळ्या म्हणजे विष्ठा नव्हे. न पचलेली हाडं आणि केस घुबड तोंडावाटे टाकतं. हातमोजे घालून गोळी कोमट पाण्यात भिजवा आणि चिमट्यानं सोडवा. पुढचे दात नारिंगी-पिवळे असलेली कवटी उंदराची, पांढऱ्या दातांची निमुळती कवटी चिचुंद्रीची. पिंगळ्याच्या गोळीत बहुधा भुंगेऱ्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे मिळतात. मला यात तासन्‌तास जातात.

वहीत वेळ, दिशा आणि आवाज लिहा, आवाज तुम्हाला ऐकू येईल त्याच अक्षरांत. मर्लिन हे अ‍ॅप किंवा झेनो-कँटो ही वेबसाइट, त्यांवरचे पक्ष्यांचे आवाज घरात, इअरफोन लावून ऐका. झाडाखाली ते वाजवणं मला अजिबात मान्य नाही. पक्ष्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, आणि तो शिकार किंवा अंडी सोडून भांडायला येतो. टॉर्च लागलाच तर काचेवर लाल जिलेटिन लावा आणि झोत डोळ्यांवर धरू नका. ढोलीत पिल्लं असताना फोटोसाठी जवळ जाऊच नका.

कधी पिल्लू जमिनीवर दिसतं. बऱ्याच घुबडांची पिल्लं नीट उडता येण्याआधीच ढोलीबाहेर पडतात, आईबाप बहुधा जवळपास असतात. कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा, जवळच्या फांदीवर ठेवता आलं तर ठेवा. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या झाकणाच्या खोक्यात ठेवून वनविभागाला कळवा. तोंडात पाणी ओतू नका.

आणि घराभोवती उंदरांसाठी विष टाकत असतील तर ते आधी बंद करून घ्या. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला आयता मिळतो. ते विष मग घुबडाच्याही अंगात भिनतं. त्याऐवजी पिंजरे लावा.