मिडटर्म रिफ्लेक्शन लिहिताना

अमेरिकेतल्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या रायटिंग क्लासला सेमिस्टर साधारण 15 आठवड्यांचं असतं. त्याच्या सातव्या-आठव्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी ‘मिडटर्म रिफ्लेक्शन’, म्हणजे आतापर्यंतच्या स्वतःच्या लिखाणाकडे मागे वळून बघणारं टिपण, मागतात. दोन-तीन पानं, डबल स्पेस, म्हणजे 500 ते 750 शब्द. आपल्याकडून गेलेली मुलं ते बरेचदा प्राध्यापकांच्या आभारपत्रासारखं लिहितात, नाहीतर स्वतःवरच आरोपपत्र ठेवतात. दोन्ही वाया. वाचणाऱ्याला बघायचं असतं ते एवढंच: लिखाणात नेमकं काय बदललं आणि ते तुम्ही का बदललंत.

लिहायला बसण्याआधी अर्धा तास कागद जमवण्यात घालवा. आधी सिलॅबसमधली ‘लर्निंग आउटकम्स’ची, म्हणजे कोर्समधून काय शिकायचं त्याची, यादी काढा. वाचक आणि हेतूचं भान, चिकित्सक वाचन, लेखनाची प्रक्रिया, लेखनसंकेत असं काहीतरी तिथे असतं. त्यातले दोनच मुद्दे घ्या. 600 शब्दांत चारही कोंबले तर एकाचाही पुरावा धड बसत नाही. मग जुने ड्राफ्ट. गूगल डॉक्समध्ये फाइल मेन्यूत ‘व्हर्जन हिस्टरी’ असते, त्यात तारीखवार सगळं सापडतं. लॅपटॉपवर एकाच नावाने फाइल सेव्ह करत गेला असाल, तर कोर्सच्या साइटवर जमा केलेली प्रत उतरवून घ्या. पीअर रिव्ह्यूचे, म्हणजे वर्गमित्रांनी ड्राफ्ट वाचून दिलेले, शेरेही समोर ठेवा.

आता खरं काम. दोन ड्राफ्टमधलं एकच वाक्य शेजारी-शेजारी मांडा. समजा, पहिल्यात होतं: ‘शाळेत मोबाइलचे फायदेही आहेत आणि तोटेही.’ तिसऱ्यात झालं: ‘सरसकट बंदीमुळे इंग्रजी नुकतं शिकणाऱ्या मुलांचा भाषांतराचा आधार जातो, म्हणून बंदी परीक्षेपुरतीच असावी.’ यावर ‘माझं थीसिस (लेखातला मुख्य दावा) सुधारलं’ असं लिहिलंत तर काहीच सांगितलं नाहीत. त्याऐवजी: ‘पहिल्या वाक्याशी कुणी वाद घालूच शकत नव्हतं. पीअर रिव्ह्यूत समासात “मग काय?” असा शेरा आला. म्हणून मी एक गट निवडला आणि त्याच्या बाजूने मागणी केली. त्यापायी दुसरा परिच्छेद पूर्ण काढावा लागला.’ शेवटचं वाक्य विसरू नका. काय टाकून दिलं हे सांगितलं की बदल खरा वाटतो.

व्याकरणाबद्दल लिहायचं तर मोजून लिहा. मराठीत इंग्रजीतल्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’सारखा प्रकारच नाही, त्यामुळे ते गळतात किंवा नको तिथे घुसतात. ‘ग्रामर सुधारलं’ यापेक्षा ‘पहिल्या पानावर अशा 11 चुका होत्या, आता 4 आहेत, आणि त्या बहुतेक अमूर्त नामांपुढच्या आहेत’ हे कितीतरी वजनदार. आकडा अर्थातच स्वतःच्या पानावरून मोजायचा, मनाने घालायचा नाही. ड्राफ्ट प्राध्यापकांकडेही असतात.

अजून जमत नसलेली एकच गोष्ट सांगा, पण तीही नेमकी. उदाहरणार्थ, दुसऱ्याच्या लेखातला उतारा दिला आणि त्यावर काही न बोलता पुढच्या परिच्छेदात उडी मारली. ही फारच सर्रास आढळणारी खोड. त्यावर ‘जास्त मेहनत घेईन’ ही योजना नव्हे. ‘पुढच्या पेपरचा ड्राफ्ट द्यायच्या चार दिवस आधी रायटिंग सेंटरची (लिखाणात मदत करणाऱ्या कॉलेजच्या केंद्राची) वेळ घेईन आणि फक्त प्रत्येक उताऱ्यानंतरची दोन वाक्यं तपासून घेईन’ ही योजना.

शाळेतल्या निबंधाची सवय सुरुवातीला डोकं वर काढतेच. ‘आजच्या धकाधकीच्या युगात लेखनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ छापाचं वाक्य इंग्रजीत उतरलं असेल तर ते खोडा आणि थेट ड्राफ्टपासून सुरू करा. जमा करण्यापूर्वी शेवटचा परिच्छेद झाकून बाकीचं वाचून बघा. त्याच्यावाचून काही अडत नसेल, तर तो बहुधा आभाराचाच आहे, काढून टाका.