नॅनो बोर्डवर प्रोग्राम चढत नसेल तर

अर्डुइनो नॅनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा पोर्ट (जोडणी) संगणकात दिसतो, प्रोग्राम बिनचूक कंपाइल होतो (बोर्डाला समजेल अशा रूपात बदलतो), पण अपलोड करताना दहा प्रयत्नांनंतर 'नॉट इन सिंक' असा संदेश येतो, तेव्हा बोर्ड बिघडला असे समजून तो टाकून देऊ नये.

आधी शून्य आणि एक क्रमांकाच्या पिनांना जोडलेल्या तारा काढाव्यात, कारण अपलोड त्याच मार्गाने होते. मग अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधील टूल्स मेनूतील प्रोसेसर या पर्यायात 'एटीमेगा३२८पी (ओल्ड बूटलोडर)' निवडून पुन्हा अपलोड करावे. बूटलोडर म्हणजे नवा प्रोग्राम उतरवून घेणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्राम. जुना बूटलोडर ५७६०० बॉड (संदेशवहनाच्या वेगाचे एकक) या वेगाने बोलतो आणि नवा ११५२०० ने, म्हणून चुकीचा पर्याय निवडल्यास संगणक आणि बोर्ड यांचा संवादच जुळत नाही. स्वस्त बोर्डांवर अजूनही बहुधा जुनाच बूटलोडर असतो, त्यामुळे माझ्या मते तारा काढल्यावर हा पर्याय सर्वांत आधी तपासावा.

पोर्टच दिसत नसेल तर केबल बदलावी. मोबाइलच्या काही केबलींत केवळ चार्जिंगच्याच तारा असतात. तरीही दिसला नाही, तर यूएसबी कनेक्टरजवळच्या चिपवरील बारीक अक्षरे भिंगातून वाचावीत आणि तेथे सीएच३४० असे असल्यास त्याच चिपचा ड्रायव्हर (संगणकाला ती चिप ओळखता यावी यासाठीचे सॉफ्टवेअर) घ्यावा, मात्र तो चिपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा.