बाइकच्या मागच्या ब्रेकचं पेडल बदलताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर सरकताना उजव्या घोट्यात कळ येते आणि नवं पेडल घ्यायचं ठरतं. त्याआधी उंची बघा. रोजचे बूट घालून पाय फूटरेस्टवर ठेवा. ब्रेकसाठी पाऊल उचलावं लागत असेल, तर पेडल वर आहे. पेडलची उंची ठरवणारा स्टॉपर बोल्ट असेल तर त्याचा चेकनट (त्याला जागेवर घट्ट धरणारा नट) सैल करा आणि बोल्ट फिरवून पेडल फूटरेस्टच्या पातळीला किंवा जरा खाली आणा. बहुतेकांची तक्रार इथेच मिटते. वाकलेलं किंवा बुटाला आखूड पडणारं पेडल मात्र बदलाच, पण त्याच मॉडेलचं घ्या. लांब पेडलने तेवढ्याच दाबात ब्रेक जास्त लागतो आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक पटकन घसरतं.

सगळ्यात घातक चूक डिस्क ब्रेकमध्ये होते. उंची बदलताना पुशरॉड (पेडलचा दाब पिस्टनपर्यंत नेणारी दांडी) जास्त लांब झाला, तर तो पिस्टनला कायम दाबून धरतो आणि मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या नळकांड्यातलं, परतीचं छिद्र झाकलेलं राहतं. तापून फुगलेल्या ब्रेक ऑइलला टाकीत परतायला वाट उरत नाही. पाय पेडलवर नसतानाही ब्रेक लागत जातो, गाडी जड होते, शेवटी चाक जाम. असं झालं तर रेटून चालवू नका. थंड होऊ द्या, चेकनट सैल करून रॉड आखूड करा. पिस्टनला टेकण्याआधी रॉड किंचित मोकळा हललाच पाहिजे. नेमकं माप गाडीच्या पुस्तिकेत असतं.

ड्रम ब्रेकला पेडलच्या टोकाशी साधारण 20 ते 30 मिमी प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल, ठेवा. चेन ताणताना चाक मागे सरकतं आणि हा प्ले कमी होतो, म्हणून तेव्हा पुन्हा तपासा.

पेडल परत येत नसेल तर स्प्रिंगला दोष देण्याआधी पिव्हट, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं तो सांधा, उघडा. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तिथे गंज चढतो. पॉलिश पेपरने घासून, पुसून, ग्रीस लावा. रॉड अडकवून ठेवणारी कॉटर पिन नवीच घाला, पिनचे दोन्ही पाय वाकवा. जुनी पिन तुटली तर रॉड सुटतो, म्हणजे मागचा ब्रेकच गेला.

ब्रेक लाइट सतत पेटतोय? स्विचला फिरवू नका, वायर पिळतात. स्विच धरून नट फिरवा. ब्रेक धरायच्या जरा आधी लाइट लागला पाहिजे.

शेवटी सोसायटीच्या आवारात दोन-चार फेऱ्या मारा, गाडी घोडीवर लावा आणि मागचं चाक हाताने फिरवून बघा. ते अडत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.